बारीक कण्याची पुस्तकं

मुलांच्या चित्रपुस्तकाला कणा नसतो. छापखान्यात मोठा कागद छापून त्याच्या घड्या घातल्या की आठ किंवा सोळा पानांचा एक फर्मा तयार होतो. म्हणून चित्रपुस्तक बहुतेक वेळा सोळा, चोवीस, फार तर बत्तीस पानांचं असतं. मधोमध दोन पिना मारायच्या, कडा कापायच्या, की पुस्तक तयार. शेजारच्या कादंबरीला दोन बोटं जाडीचा कणा असतो. त्यावर तिचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशकाचं चिन्ह. ती कपाटात उभी असली तरी तिची ओळख पटते. चित्रपुस्तक उभं ठेवलं की दिसते ती कागदाची कड. दहा पुस्तकं शेजारीशेजारी उभी केली तर दहा कडा. एकेक बाहेर ओढल्याशिवाय कशात कोणती गोष्ट आहे ते कळत नाही.

‘मराठीत मुलांसाठी नवं काही येतच नाही’ ही पालकांची नेहमीची तक्रार. तिचं निम्मं उत्तर या कडांमध्ये आहे. पुस्तकं येतात, चांगली येतात, पण ती कोणाच्या नजरेला पडत नाहीत. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत मोठ्यांच्या कादंबऱ्यांची परीक्षणं छापून येतात. बत्तीस पानांच्या पुस्तकाबद्दल कोणी चार ओळीही क्वचितच लिहितं. मग पालक काय करतात? स्वतःला लहानपणी आवडलेलं पुस्तक शोधतात, नाहीतर प्रदर्शनातल्या पहिल्या टेबलावर दिसेल ते उचलतात.

त्या पहिल्या टेबलावर काय असतं? इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल, तेनालीराम आणि थोरांची चरित्रं. या गोष्टींत वाईट काहीच नाही. शेकडो वर्षं टिकल्या त्या उगाच नव्हेत. पण त्यातलं एखादं पुस्तक हातात घेऊन शीर्षकपानाच्या मागचं पान उघडून पाहावं. प्रथमावृत्तीचं वर्ष, लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं तिथे असायला हवीत. पुष्कळ स्वस्त संचांत लेखकाचं नाव नसतं, चित्रकाराचं तर नसतंच. ज्या पुस्तकाखाली सही करायला कोणी तयार नाही, ते कोणी जीव ओतून केलेलं असण्याची शक्यता कमीच. एक गुळगुळीत कोल्हा, एक गुळगुळीत कावळा आणि खाली तात्पर्य. याउलट ज्या पानावर ‘चित्रे’ या शब्दापुढे नाव आहे, ते पुस्तक निदान उघडून पाहण्याच्या लायकीचं नक्की असतं. नवं पुस्तक पारखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही, आणि ती दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते.

नावाची ही खूण एकदा लक्षात आली की पुढचं दार आपोआप उघडतं. माधुरी पुरंदरे यांचंच उदाहरण घ्यावं. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. मोठ्यांसाठी पिकासोचं चरित्र लिहिणाऱ्या या लेखिकेने ज्योत्स्ना प्रकाशनासाठी लहान मुलांची पुस्तकं केली. ‘राधाचं घर’ आणि यशच्या गोष्टी मराठी घरांत बहुधा सगळ्यांत जास्त वेळा वाचून दाखवल्या गेल्या असतील. यशचा हात मोडतो, यश मोठ्या शाळेत जातो. एवढीच घटना असते. राक्षस नाही, परी नाही, तात्पर्यही नाही. पण पानावरचं घर ओळखीचं असतं, घरातली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच बोलतात, आणि चार वर्षांचं मूल तेच पुस्तक सलग अकराव्यांदा पुढ्यात आणून ठेवतं.

त्यांचं ‘चित्रवाचन’ तर शब्दांशिवायचं पुस्तक आहे. रोजच्या जगण्यातली गजबजलेली, पानभर चित्रं, मजकूर नाही. अशा पुस्तकापुढे मोठी माणसं गोंधळतात. यात वाचायचं काय? मूल गोंधळत नाही. ते कोपऱ्यातल्या मांजरापासून सुरुवात करतं. मांजर कोणाकडे बघतंय, त्या बाईच्या पिशवीत काय असेल, मागचा मुलगा का रुसलाय. एका पानावर वीस मिनिटं जातात आणि त्या वीस मिनिटांत मुलाने एक अख्खी गोष्ट स्वतः रचलेली असते. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुसरी गोष्ट. ज्या मुलांना मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळायला होतं त्यांच्या हातात असं पुस्तक पहिल्यांदा द्यावं. तिथे त्यांना कोणी चुकलं म्हणू शकत नाही.

पुरंदरे यांनी संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’ हे आणखी वेगळं काम. बाल गटाचे दोन आणि कुमार गटाचे दोन असे चार भाग. मराठीतल्या नामवंत लेखक-कवींच्या पुस्तकांमधले वेचे, आणि त्यांच्या जोडीला भारतीय चित्रकलेचे नमुने. मूल त्यात एक उतारा वाचतं, तो मधेच संपतो, आणि मग ते विचारतं, पुढे काय झालं? उताऱ्याच्या खाली मूळ पुस्तकाचं नाव असतंच. हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला की नवं पुस्तक शोधण्याचं अर्धं काम झालं म्हणून समजावं. पाठ्यपुस्तकातल्या धड्यातही हीच ताकद असते, पण धड्याखाली स्वाध्याय असतो आणि तो संपवण्याच्या नादात पुढे काय झालं हा प्रश्न विरून जातो.

आठ-नऊ वर्षांनंतर पुस्तकाची ओढ चित्रापेक्षा नायकाकडे वळते. मराठीत या ओढीचं नाव बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल पिटाळतो आणि जिथे जाईल तिथे कुठल्यातरी भानगडीत सापडतो. भा. रा. भागवतांनी त्याच्या वीसेक पुस्तकांत त्याला प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत फिरवलं. एक पुस्तक संपलं की दुसरं मागायचं, ही सवय मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना फेणेने लावली. आजोबांनी वाचलेला फेणे नातवाला २०१७ च्या चित्रपटातून भेटला आणि त्या निमित्ताने पुस्तकं पुन्हा हातात आली, असंही पुष्कळ घरांत झालं.

पण धागा फेणेपाशी संपवला तर फार मोठा ऐवज हातचा जातो. याच भागवतांनी ‘बिपिन बुकलवार’ नावाचा पुस्तकवेडा नायक मुलांना दिला. त्यांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला: ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. फेणेचा चाहता व्हर्नकडे वळला की त्याला विज्ञानकथेची गोडी लागते, आणि तिथून जयंत नारळीकरांच्या ‘अंतराळातील भस्मासुर’पर्यंतची वाट सरळ आहे. मुलाला साहस आवडत असेल तर दुसरी वाट बंगालकडे जाते. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात जन्मला. अशोक जैन यांनी केलेल्या अनुवादांतून, रोहन प्रकाशनामार्फत तो मराठीत आला. फेलूदाची एक गोष्ट तर वेरूळच्या लेण्यांत घडते. कलकत्त्याचा हेर कैलास लेण्याच्या सावलीत चोरांच्या मागावर आहे, हे वाचलेलं मूल शाळेच्या सहलीत वेरूळला गेलं की मार्गदर्शकाचं बोलणं वेगळ्याच कानांनी ऐकतं.

अनुवादकाचं नाव हाही एक धागा आहे, आणि तो फार कमी लोक पकडतात. शांता शेळके या नावावर विश्वास ठेवून ‘चौघीजणी’ उचललेल्या मुलींना लुइझा मे अल्कॉटच्या १८६८ च्या अमेरिकेत शिरताना कुठे अडलं नाही, कारण त्या चौघी बहिणी भांडतात, रडतात, स्वप्नं रंगवतात ती अस्सल घरगुती मराठीत. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेली ‘तोत्तोचान’ नॅशनल बुक ट्रस्टने काढली. टोकियोतल्या रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची तेत्सुको कुरोयानागी यांची ही खरी आठवण. मूळ जपानी पुस्तक १९८१ चं. मराठीत ती मुलांइतकीच शिक्षकांनीही वाचली. चांगला अनुवादक म्हणजे मुलासाठी अर्धी निवड आधीच करून ठेवलेला माणूस. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात तत्त्वज्ञाच्या दगडाचा ‘परीस’ झाला, त्या एका शब्दाने ती जादू मराठी मुलाच्या ओळखीची करून टाकली.

नव्या पुस्तकांच्या शोधात निघालेल्या पालकांनी आणि शिक्षकांनी साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारांची यादी एकदा तरी जवळ ठेवावी. हा पुरस्कार २०१० पासून दिला जातो. मराठीतला पहिला मान अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला, दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला. यादीत पुढे गेलं की जी नावं लागतात ती अनेक घरांत कोणी ऐकलेलीही नसतात: ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’, सलीम सरदार मुल्ला यांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’, आबा महाजन यांचं ‘आबाची गोष्ट’, संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’. २०२४ चा पुरस्कार भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला मिळाला. उदगीरच्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला कथाकार मुलांसाठी भूतबंगल्याची साहसकथा लिहितो, ही बातमी मुलांपर्यंत पोचायलाच हवी होती. ती किती जणांपर्यंत पोचली?

पुरस्कार मिळाला म्हणून प्रत्येक मुलाला पुस्तक आवडेलच असं नाही. पुरस्कार मोठी माणसं देतात. पण या यादीचा दुसरा एक उपयोग आहे. अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं की मुलाला पुस्तकात कधी आरसा दिसावा लागतो, कधी खिडकी. आरशात स्वतःचं घर, खिडकीतून दुसऱ्याचं. मराठी बालसाहित्य बराच काळ पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत रमलं. तिथल्या मुलांना आरसा मिळाला. बाकीच्या महाराष्ट्राच्या वाट्याला फक्त खिडकी आली. ‘खारीच्या वाटा’मध्ये धरणाखाली जाणाऱ्या गावातला मुलगा आहे. धरणग्रस्तांच्या वसाहतीत राहणाऱ्या सहावीतल्या मुलीला ते पुस्तक वाचून जे वाटेल, ते कोथरूडमधल्या मुलाला वाटणार नाही. आणि कोथरूडमधल्या मुलाला ते वाचून जे कळेल, ते भूगोलाच्या पुस्तकातल्या धरणांच्या तक्त्यातून कळणार नाही. दोघांसाठी ते एकच पुस्तक आहे.

तेराव्या वर्षाच्या आसपास मराठी वाचन एका खड्ड्यात पडतं. ‘बालसाहित्य’ हा शब्दच त्या वयाला अपमानाचा वाटतो, आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून लांब असतात. मधल्या काळात इंग्रजी शाळेतली मुलं सरळ इंग्रजीकडे निघून जातात, कारण तिथे त्यांच्या वयासाठी वेगळं कपाटच भरलेलं असतं. मराठीत हे कपाट आपलं आपण जुळवावं लागतं. त्यात सगळ्यांत वर ठेवावा तो लंपन. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ १९९४ मध्ये आला. त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. बेळगाव भागातला, आजी-आजोबांकडे राहणारा, मनात हजार गोष्टी घोळवणारा हा मुलगा. त्याच्या मराठीला कानडीचा हेल आहे. ही पुस्तकं मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला नेमकं तेच हवं असतं: आपल्या वयाच्या मुलाबद्दल, पण लाडिक आवाजात न लिहिलेलं.

सगळ्या घरांत पुस्तकं विकत घेण्याइतके पैसे नसतात, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावरचे उपायही खरे आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याची किंमत आजही परवडणारी आहे. शिवाय त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. साठीतल्या वाचकाला तिथे स्वतःच्या पाचवी-सहावीतला अंक सापडतो; तो नातवाला सोबत घेऊन पाहिला तर दुपार कशी जाते कळत नाही. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक दर दिवाळीला वेगळा बालकुमार अंक काढतं, आणि तो शाळांमधून मोठ्या संख्येने मुलांच्या हातात जातो. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर शेकडो मराठी चित्रगोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत, अगदी पहिली अक्षरं ओळखणाऱ्यापासून सराईत वाचणाऱ्यापर्यंत. त्या फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. गावातल्या शाळेचे शिक्षक त्या छापून, पिना मारून वर्गात टांगतात. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांनाही त्यांचाच आधार होतो. पुण्यात आयुकामध्ये वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा असाच मोकळा ठेवलेला आहे.

एवढी पुस्तकं समोर आली की निवडायचं कसं? निवड मुलाने करावी, मोठ्यांनी जवळ उभं राहावं. शिक्षकांमध्ये एक जुनी पद्धत आहे. पुस्तकाचं मधलं एखादं पान उघडायचं, वाचत जायचं, आणि न कळणारा शब्द आला की एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक एकट्याने वाचायला सध्या जड आहे. मराठीसाठी या पद्धतीत थोडी दुरुस्ती हवी. इंग्रजी माध्यमातलं मूल मराठीत अडखळतं ते बरेचदा शब्दाच्या अर्थामुळे नाही. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द त्याने शंभरदा ऐकलेला असतो. डोळ्यांना ते जोडाक्षर उलगडत नाही इतकंच. म्हणून पान मनात न वाचता मोठ्याने वाचून घ्यावं. ऐकून शब्द कळला तर बोट दुमडायचं नाही. अशा मुलासाठी पुस्तक सोपं करायची गरज नसते, कोणीतरी सोबत बसून वाचायची असते.

सोबत वाचणं पहिली-दुसरीनंतर थांबतं, ही मराठी घरांतली मोठी चूक आहे. मुलाला वाचता येऊ लागलं की आई-बाबा सुटकेचा निःश्वास सोडतात. खरं तर मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या कितीतरी वर्षं पुढे असतात. जे पुस्तक आठव्या वर्षी स्वतः वाचवत नाही, ते ऐकताना त्याला सहज समजतं. अमेरिकेत जिम ट्रेलीज या पत्रकाराने १९७९ मध्ये पदरचे पैसे घालून याच विषयावर एक पुस्तिका छापली, पुढे ती पेंग्विनने काढली आणि जगभर गेली. त्यांचं सांगणं होतं की मोठ्या मुलांनाही वाचून दाखवत राहावं. रात्री जेवणं झाल्यावर ‘गोट्या’चं एक प्रकरण, मोठ्याने, रोज. ना. धों. ताम्हनकरांचे संवाद वाचून दाखवण्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत.

आणि मुलाला पुस्तक अर्ध्यावर सोडू द्यावं. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात पुस्तक न संपवण्याचा, पानं गाळण्याचा आणि तेच पुस्तक पुन्हा वाचण्याचा हक्क आहे. ‘घेतलंयस ना, मग पूर्ण कर’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ताटातल्या भाजीला ते लागू असेल. पुस्तकाला लागू केलं की मूल पुढच्या वेळी नवं, अनोळखी पुस्तक उचलायचं धाडस करत नाही. ओळखीचंच घेतं, कारण तिथे फसायची भीती नसते.

धाडस करायला सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणजे ग्रंथालय, कारण तिथे चुकलं तरी पैसे वाया जात नाहीत. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे दुसरं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे तिसरं. कपाटाला कुलूप लावून किल्ली टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या बालविभागात ही दोन्ही सूत्रं मोडतात. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं तेव्हा वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची प्रेरणा होती, पण भिलारने वेगळी वाट धरली. तिथे पुस्तकं विकायला नाहीत. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी आपल्या घरांचे दर्शनी भाग उघडे केले, एकेका घरात एकेक साहित्यप्रकार मांडला गेला, आणि बालसाहित्यालाही स्वतःची जागा मिळाली. मुलं पायऱ्यांवर बसून वाचतात, हवं ते खाली काढतात, नको ते परत ठेवतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने उलट दिशेने प्रवास केला. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमातल्या पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत जातात, काही महिन्यांनी एकमेकींशी बदलतात, आणि त्या दुबईपर्यंत पोचल्या आहेत.

तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयात एवढं काही नसलं तरी बहुतेक ठिकाणी एक वही असते. दोरीला पेन बांधलेलं, वर ‘वाचकांच्या सूचना’ असं लिहिलेलं. तिच्यात पंखा दुरुस्त करावा, वर्तमानपत्र वेळेवर यावं, अशा मोठ्यांच्या सूचना असतात. नवी खरेदी ठरवताना ग्रंथपाल ती वही चाळतात, कारण वाचकाने नाव घालून मागितलेलं पुस्तक समितीपुढे ठेवणं सोपं जातं. अकरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीकडचं पुस्तक आणून, त्याचं मागचं-पुढचं पान उलटून त्या वहीत लिहावं: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, चित्रकाराचं नाव, प्रकाशन, आवृत्ती, किंमत. खाली स्वतःची सही आणि इयत्ता. आणि शेवटी एक ओळ, की हे पुस्तक कपाटात उभं न ठेवता आडवं, मुखपृष्ठ दिसेल असं ठेवावं.